पोट भरलं हे कोणी ठरवायचं?

साशंक : मुलांचा लठ्ठपणा आणि आईबापांशी त्यांचं पहिल्या वर्षांतलं नातं, हा विषय तुम्ही तुकईथडमध्ये का आणता, हेच मला आधी विचारायचं आहे. बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या खकनार तालुक्यातलं, खंडवा-अकोला या जुन्या मीटरगेज मार्गावरचं हे गाव. अकोल्याच्या दिशेनं पुढे सरकलं की मेळघाट लागतो, आणि मेळघाट म्हटलं की कुपोषणच आठवतं. कोरकू कुटुंबांतली मुलं असोत की केळीच्या बागेत आणि कापूस वेचायला जाणाऱ्या मजुरांची, त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढावं म्हणून एकात्मिक बालविकास योजना १९७५ पासून राबते आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आणि १९.३ टक्के मुलं उंचीच्या मानानं रोड निघाली. अशा पट्ट्यातल्या आईला ‘मुलानं तोंड फिरवलं की घास मागे घ्या’ असं सांगणं मला धोक्याचं वाटतं. पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांच्या दारात उभा असलेला प्रश्न उचलून तुम्ही उपाशी गावाच्या माथी मारता आहात. इथल्या आजीला नातू ‘अंगाला लागलेला’ दिसावा असं वाटतं, आणि त्या वाटण्यामागे पिढ्यान् पिढ्यांची उपासमार आहे. ती भीती खोटी नव्हे.

आग्रही : ती भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या सगळ्या म्हणण्याचा पायाच ती आहे. पण त्याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा पाहा. पाच वर्षांखालच्या मुलांमधलं अतिवजनाचं प्रमाण २०१५-१६ मध्ये देशभरात २.१ टक्के होतं, ते पुढच्या फेरीत ३.४ टक्के झालं. महाराष्ट्रात ते १.९ वरून ४.१ वर गेलं. आकडे लहान आहेत, पण दिशा स्पष्ट आहे. ५ ते १९ या वयोगटात तर १९९० साली देशात सुमारे ४ लाख मुलं लठ्ठ होती, २०२२ मध्ये ती सव्वा कोटी झाली. आणि रोड मूल वेगळं, लठ्ठ मूल वेगळं, अशी वाटणी आपल्याकडे टिकत नाही. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत जे काम केलं, त्यात आपल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं स्नायूंत, पोटाच्या घेरात, सगळ्यांत मागे होती, पण पाठीच्या कातडीखालची चरबी त्या मानानं टिकून होती. दिल्लीत जन्मापासून पाहणीखाली असलेल्या १,४९२ तरुणांचा अहवाल २००४ साली आला. ज्यांच्या रक्तातली साखर पुढे बिघडली, ते दोन वर्षांचे होईपर्यंत रोड होते आणि त्यानंतर बारा वर्षांपर्यंत त्यांचं वजन उंचीच्या मानानं चढत गेलं होतं. बाराव्या वर्षीही त्यांतले फार थोडे लठ्ठ म्हणण्याजोगे होते. म्हणजे तुकईथडचं आजचं रोड मूल हेच उद्याच्या मधुमेहाचं उमेदवार आहे. त्याला ‘भरून काढायच्या’ घाईत आपण काय करतो, हा प्रश्न पुण्यापेक्षा इथेच जास्त निकडीचा आहे.

साशंक : हे सगळं पोषणाबद्दल झालं. गरोदर आईला पोटभर मिळालं नाही, बाळ लहान जन्मलं, पुढे वजन भराभर चढलं, हे मला मान्य आहे. पण यात नातं कुठे आलं? तांदूळ, डाळ, तेल, दूध यांचा हिशेब करता येतो. मायेचा हिशेब कोण करणार? जिथं मोजता येत नाही तिथं उपदेश सुरू होतो, असा माझा अनुभवसिद्ध संशय आहे.

आग्रही : मोजण्याचा प्रयत्न झाला आहे. अमेरिकेत सारा अँडरसन आणि रॉबर्ट व्हिटेकर यांनी ९७७ मुलांची माहिती तपासून २०१२ साली निष्कर्ष मांडले. ही मुलं सव्वा, दोन आणि तीन वर्षांची असताना दोन गोष्टी पाहिल्या होत्या. एक, मुलाचा आईवर किती भरवसा आहे, म्हणजे घाबरल्यावर ते तिच्याकडे धावतं का आणि जवळ घेतल्यावर शांत होतं का. दुसरी, खेळताना आई मुलाचा कल ओळखून वागते का. मग पंधराव्या वर्षी त्यांची वजनं पाहिली. ज्यांचं सुरुवातीचं नातं सगळ्यांत कमकुवत होतं, त्यांच्यात लठ्ठपणा २६.१ टक्के होता. ज्यांचं नातं चांगलं होतं, त्यांच्यात तो १३ टक्क्यांच्या आसपास होता. कारणही समजण्यासारखं आहे. तान्ह्या मुलाला भूक, थकवा, भीती, कंटाळा हे सगळं एकाच अस्वस्थतेसारखं जाणवतं आणि ते सगळ्यांसाठी रडतं. मोठं माणूस त्या रडण्याचा अर्थ लावतं आणि त्या त्या गोष्टीला वेगळं उत्तर देतं. झोप आली तर निजवतं, घाबरलं तर कुशीत घेतं, भूक लागली तर पाजतं. अशी हजार उत्तरं मिळाली की मुलाला स्वतःच्या शरीराच्या खुणा वेगळ्या ओळखू येतात. प्रत्येक रडण्याला जर एकच उत्तर मिळालं, तोंडात काहीतरी, तर दुःख झालं की खायचं हे शरीर शिकतं. उलट रडण्याला उत्तरच मिळालं नाही, तर ताण सोसणारी यंत्रणा सतत जागी राहते आणि त्याचा परिणाम झोपेवर आणि भुकेवर होतो.

साशंक : तुमची कारणमीमांसा सुबक आहे, म्हणूनच मी सावध होतो. ती पाहणी अमेरिकन कुटुंबांची आहे. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही. ज्या घरात आईला मुलाकडे पाहायला उसंत नाही, त्या घरात पैसा कमी असतो, खेळायला जागा कमी असते, स्वस्त आणि तळकट खाणं जास्त असतं. अभ्यासक असल्या गोष्टींची वजावट करतात हे मला ठाऊक आहे, पण गरिबीची पूर्ण वजावट कोणत्याही गणितात होत नाही. शिवाय रक्ताचा वाटा राहिलाच. जेन वॉर्डल आणि सहकाऱ्यांनी २००८ साली ब्रिटनमधल्या ८ ते ११ वर्षांच्या ५,०९२ जुळ्या जोड्यांवर काम केलं. मुलामुलांत शरीराच्या जाडीत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ७७ टक्के त्यांनी आनुवंशिकतेच्या पदरात टाकला. मग आईनं कुशीत कसं घेतलं, याला उरलं काय? आणि ज्या पाहणीचा तुम्ही आधार घेता, तिच्यात आई मुलाशी खेळताना पाहिली होती, जेवताना नव्हे. खेळावरून ताटावर उडी मारायला मधला पूल लागतो.

आग्रही : पूल लागतो, हे खरं. आधी आनुवंशिकतेचं बोलू. ७७ टक्के हा आकडा त्या समाजातल्या त्या काळातल्या फरकांचा आहे. एखाद्या मुलाच्या नशिबाचा तो निवाडा नव्हे. भारतात तीस वर्षांत लठ्ठ मुलं ४ लाखांवरून सव्वा कोटींवर गेली, तेवढ्या काळात आपलं रक्त बदललं नाही. वॉर्डल यांच्याच पुढच्या कामातून दिसलं की वारशानं येते ती बरीचशी भुकेची घडण. काही मुलं खाणं दिसलं की ओढली जातात आणि त्यांना पोट भरल्याचं उशिरा कळतं. अशा मुलाला तर ‘आता पुरे’ ही जाणीव जपणारं माणूस जास्तच हवं. आता पुलाचं. पेनसिल्व्हेनियात इयन पॉल आणि लीअन बर्च यांच्या चमूनं पहिलटकरणींच्या २७९ जोड्या, आई आणि बाळ, चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागल्या. एका गटाच्या घरी परिचारिका गेल्या आणि बाळाच्या खुणा कशा ओळखायच्या ते शिकवलं. रडलं की लगेच पाजू नका, आधी लंगोट पाहा, उचला, थोपटा; झोपेला वेळ ठरवा; खाऊ बक्षीस म्हणून देऊ नका. दुसऱ्या गटाला घरातले अपघात टाळायचं शिक्षण दिलं. तीन वर्षांनी पहिल्या गटातल्या मुलांचं उंचीच्या मानानं वजन सरासरीनं कमी होतं. अतिवजन असलेल्या मुलांच्या प्रमाणातला फरक मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरेपूर उतरला नाही, हेही मी लपवत नाही. परिणाम मोठा नाही. पण हा प्रयोग होता, नुसती पाहणी नव्हती. आणि बदललं होतं ते ताट नव्हे, ताटाभोवतीचं वागणं.

साशंक : मग मी तुम्हाला इतिहासाची आठवण करून देतो. १९४० साली हिल्ड ब्रुख या डॉक्टरबाईंनी न्यूयॉर्कमधल्या लठ्ठ मुलांच्या घरांबद्दल लिहिलं आणि आईच्या मनातली कमतरता ती खाण्यानं भरून काढते, असं निदान रूढ झालं. त्याच काळात स्वमग्न मुलांच्या आयांना थंड काळजाच्या ठरवलं गेलं. ते निदान पुढे पार कोसळलं, पण तोवर किती बायकांनी आयुष्यभर स्वतःला अपराधी मानलं असेल. आज तुम्ही ‘नातं’ म्हणता, उद्या गावातला प्रत्येक जण सुनेकडे बोट दाखवेल. आणि कोणती आई? पहाटे स्वयंपाक उरकून निंदणीला जाणारी, दिवस मावळताना परतणारी. तिच्यामागे मूल आजीकडे असतं, नाहीतर आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असतं. सुधीर कक्कर यांनी १९७८ मध्येच भारतीय बालपणाचं चित्र रेखाटताना दाखवलं होतं की आपलं मूल भरल्या घरात वाढतं. त्याला अमेरिकेच्या चौकटीतल्या ‘आई आणि मूल’ या जोडीत बसवून तुम्ही कुणाला नापास करणार?

आग्रही : बोट सुनेकडे गेलं तर माझं सगळं म्हणणं वाया गेलं, असं मी समजेन. नातं हा आईचा गुण किंवा दोष नाही. ती परिस्थिती आहे. ज्या माणसाची पाठ दुखते आहे, ज्याच्या अंगात रक्त कमी आहे, ज्याला उद्याच्या रोजाची काळजी आहे, त्याला मुलाच्या चेहऱ्यावरची बारीक हालचाल दिसत नाही. त्यानं प्रेम कमी केलं म्हणून नव्हे, पाहायला लागणारी उसंतच त्याच्याजवळ नसते. भरल्या घराचं म्हणाल तर माझी हरकत मुळीच नाही. आजी, काका, मोठी बहीण, बाप, कोणीही भरवावं. प्रश्न एवढाच की भरवणाऱ्याला मूल दिसतं का. दीड वर्षाचं मूल जेवताना पाहा. सुरुवातीला ते वरणभाताच्या घासाकडे झेपावतं, तोंड आपणहून उघडतं. काही घासांनी चावणं संथ होतं. मग नजर कोंबडीकडे, दाराकडे जाते. मग ओठ मिटतात, मान वळते. शेवटी ते जिभेनं घास बाहेर ढकलतं. पुरे झालं हे ते एकामागून एक पाच रीतींनी सांगतं. चिऊ-काऊच्या नावानं भरवण्याची आपली रीत मोठी गोड आहे. तिच्यात मूल आणि माणूस एकमेकांकडे पाहतात. पण मान वळल्यानंतरचे चार घास चिऊच्या नावानं सरकवले जातात, किंवा आता मोबाइल समोर धरून सरकवले जातात, तेव्हा मुलाचं बोलणं ऐकणारं कोणी उरत नाही. मोबाइलमध्ये गुंतलेल्या मुलाला तर स्वतःच्याच पोटाचं ऐकू येत नाही.

साशंक : आणि ते मूल बाहेर पडलं की? गावच्या टपरीवर पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा लटकत असतात. ज्या गावात दूध रोज मिळेलच असं नाही, तिथं मसाला लावलेले कुरकुरीत तुकडे रोज मिळतात. तुम्ही घराच्या आत डोकावता आणि बाजाराला मोकळा सोडता. युनिसेफनं २०२५ मध्ये सांगितलं की ५ ते १९ वर्षांच्या वयोगटात जगात पहिल्यांदाच लठ्ठ मुलांचं प्रमाण कमी वजनाच्या मुलांपेक्षा जास्त झालं, ९.४ विरुद्ध ९.२ टक्के. मग जगभरच्या आया काय एकदम बेपर्वा झाल्या? बदललं ते दुकान. म्हणून उपायही दुकानावर हवा. शाळेपासून पन्नास मीटरच्या आत असले पदार्थ विकू नयेत, असा नियम केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२० मध्ये केला. तो खेड्यात पाळला जावा, पुडीवर मीठ-साखर-तेलाचा इशारा ठळक छापला जावा, हे काम आधी.

आग्रही : ते काम हवंच, आणि त्याचं एक कारण नात्यातूनच निघतं. पुडी घरात येते कशी? दिवसभर बाहेर राहिलेली आई परतताना ती घेऊन येते, कारण तिला मुलाचा दिवस भरून द्यायचा असतो. घरकामात अडकलेली बहीण रडणाऱ्या भावाच्या हातात ती देते. बाप उशिरा येतो आणि पाच रुपयांत मुलाचा चेहरा खुलवतो. पुडी ही इथं प्रेमाची भाषा झाली आहे, म्हणून तिच्यावर नुसता इशारा छापून भागणार नाही. आणि घरच्या घरी बंदी घालूनही भागत नाही. जेनिफर फिशर आणि लीअन बर्च यांनी १९९९ मध्ये लहान मुलांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की जो खाऊ डोळ्यांसमोर ठेवून हात लावू दिला नाही, त्याचीच मुलांना जास्त ओढ लागली. म्हणजे टपरीवर माळ लटकत असताना आईनं रोज ‘नाही’ म्हणायचं, यात तिचं आणि मुलाचं नातं रोज थोडं झिजतं. बंदी दुकानावर असेल तर आईला पहारेकरी व्हावं लागत नाही. कायदा आणि नातं ही दोन परस्परविरोधी औषधं नाहीत. कायदा हा नात्यावरचा भार हलका करण्याचा मार्ग आहे.

साशंक : इथं आपण जवळ आलो. पण माझी पहिली शंका तशीच उभी आहे. अंगणवाडीतल्या कार्डावर हिरवा, पिवळा आणि नारिंगी असे पट्टे असतात. मुलाचा ठिपका पिवळ्यात घसरला की अंगणवाडी सेविका आईला बोलावते आणि सांगते, जास्त भरवा. तो आलेख वय आणि वजन यांचा आहे. त्यावरून मूल बुटकं आणि गोल आहे की उंच आणि रोड आहे, हे कळत नाही. त्यासाठी उंचीही मोजावी लागते. तरी पिवळ्यातल्या मुलाच्या आईला तुम्ही काय सांगणार? तेव्हाच्या आंध्र प्रदेशात साठ गावांत झालेला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग तुम्हाला माहीत असेल. वरचं अन्न कोणतं आणि किती द्यावं, एवढंच ज्या गटातल्या आयांना शिकवलं, त्या मुलांची उंची वाढली. ज्या गटात त्यासोबत मुलाच्या खुणा ओळखणं आणि खेळणंही शिकवलं, तिथं बुद्धीच्या वाढीचे गुण चढले, पण उंचीचा तसा फायदा दिसला नाही. म्हणजे तुमच्या मार्गानं गेलं तर डोकं वाढेल, उंची नाही, असं झालं तर?

आग्रही : तो प्रयोग माझ्या बाजूनं पूर्ण बोलत नाही, हे मान्य. पण खाणं दोन्ही गटांत सुधारलं होतं, हेही त्यातच आहे. मुलाच्या खुणा पाहून भरवणं म्हणजे कमी भरवणं, ही समजूत त्यानं खोडली. आणि सगळ्यांत रोडावलेल्या मुलांचं पाहा. पोषण पुनर्वसन केंद्रात अतितीव्र कुपोषित मूल आलं की त्याची भूक तपासतात. भाजलेले शेंगदाणे, दूध पावडर, साखर आणि तेल यांचं मिश्रण, मुलाला आईच्या मांडीवर बसवून, शांतपणे, पुन्हा पुन्हा पुढे करायचं. जबरदस्ती करायची नाही, हा त्या तपासणीचा नियमच आहे. कारण मूल आपणहून किती खातं, यावरून आतला आजार कळतो. जिथं जीव धोक्यात आहे तिथंही वैद्यकशास्त्र मुलाच्या तोंडाचं ऐकून निर्णय घेतं. म्हणून पिवळ्या पट्ट्यातल्या मुलाच्या आईला मी ‘थांबा’ म्हणणार नाही. मी म्हणेन, दिवसातून जास्त वेळा द्या, भातावर तेलाचा चमचा वाढवा, डाळ घट्ट करा, अंडं द्या, समोर बसा, आणि त्यानं मान वळवली की तो घास संपला असं समजा. दोन तासांनी पुन्हा विचारा. काय द्यायचं आणि केव्हा द्यायचं हे मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं हे मुलानं.

साशंक : दोन तासांनी पुन्हा विचारायला घरी कोण आहे? तुमचा सगळा उपाय या एका प्रश्नापाशी अडतो. संघटित क्षेत्रातल्या बाईला २०१७ च्या दुरुस्तीनं २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. केळीच्या बागेत राबणारीला पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये मिळतात, तेही हप्त्यांनी. मनरेगाच्या २००५ च्या कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असली की त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी असं लिहिलं होतं. सावलीला बसवलेली ती बाई आणि ती मुलं किती कामांवर दिसली? ज्या समाजानं आईचा वेळ विकत घेतला आणि त्याची किंमत दिली नाही, त्यानं तिला मुलाकडे नीट पाहा असं सांगू नये. आधी तिला घरी बसण्याइतका आधार द्या, गावात पाळणाघर उघडा, मग नात्याचं बोला. माझा क्रम असा आहे.

आग्रही : आणि माझा आक्षेप क्रमालाच आहे. दिल्लीच्या त्या तरुणांचं जे घडलं ते पहिल्या दोन वर्षांत आणि नंतरच्या दहा वर्षांत घडून गेलं. आज तुकईथडमध्ये जन्मलेलं मूल पाळणाघराच्या मंजुरीची वाट पाहणार नाही. आजीला, बहिणीला, बापाला मान वळल्याची खूण दाखवायला पैसा लागत नाही. अंगणवाडीत वजनकाट्याशेजारी अर्धा तास लागतो. हे मी आधाराच्या बदल्यात मागत नाही, त्याच्या जोडीनं मागतो. मात्र एक गोष्ट तुमच्याकडून मी घेऊन जातो. हे शिक्षण आईच्या नावानं दिलं, तर ते आरोप होईल. घराच्या नावानं दिलं, आणि त्यात बापाला समोर बसवलं, तर कदाचित ते मदत ठरेल.

साशंक : ‘कदाचित’ हा तुमचाच शब्द मी धरून ठेवतो. आपलं एकमत एवढ्यावर झालं की रोड मूल आणि जाड मूल या दोघांनाही एकच गोष्ट हवी, त्यांची भूक ओळखणारं माणूस. आपला वाद उरला तो असा, की ते माणूस शिकवून मिळतं की सवड देऊन मिळतं. शिकवण स्वस्त आहे, म्हणून सरकारं तीच आधी उचलतील आणि सवडीचा खर्च टाळतील, ही माझी भीती आहे. सवडीची वाट पाहता पाहता एक पिढी मोठी होऊन जाईल, ही तुमची आहे. खकनारच्या अंगणवाड्यांत पुढच्या वर्षी एकाच गोष्टीला पैसा असेल, तर तो समुपदेशनाला द्यायचा की पाळणाघराला, हे मला अजून तुम्ही पटवून दिलेलं नाही. आणि पाळणाघर उघडलं तरी तिथली बाई मान वळवलेल्या मुलाच्या तोंडात घास कोंबणार नाही याची हमी मी तुम्हाला देऊ शकत नाही.